शहराचा गुन्हेगार-नोंदणी नियम कोर्टात टिकतो का?

अमेरिकेपुरतं सांगायचं तर लॅम्बर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया, 1957 ही केस बघाच. लॉस एंजेलिसचा नियम असा होता की मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने शहरात 5 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर पोलिसांकडे नाव नोंदवायचं, नाही नोंदवलं तर रोजचा वेगळा गुन्हा! लॅम्बर्ट बाईंना असा नियम आहे हेच माहीत नव्हतं आणि तरी 250 डॉलर दंड ठोकला, हा सरळ अन्याय होता. सुप्रीम कोर्टाने 5-4 ने ती शिक्षा रद्द केली, राज्यघटनेच्या 14 व्या दुरुस्तीवर (योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय राज्य कुणाला शिक्षा करू शकत नाही) बोट ठेवून. पण नियम तेव्हा टिकून राहिला बरं का, तो पडला 1960 मध्ये, कॅलिफोर्नियाच्याच कोर्टात, कारण या विषयात राज्याचा कायदा असताना शहराला वेगळा नियम करताच येत नव्हता.