मोजणाऱ्यांचंच एकमत नाही, मग त्यात करिअर कसलं?

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव असतो, त्याच्यावर तिला संशोधन करायचं आहे. मी थोडं वाचून पाहिलं. एका ठिकाणी लिहिलंय, १९७०च्या दशकापासून क्रिल ८० टक्क्यांनी घटलं. दुसरीकडे लिहिलंय, घट झाल्याचा पुरावाच नाही. मोजणाऱ्यांचंच जिथे एकमत नाही, तिथे पोरीने उमेदीची वर्षं घालवावीत का? आणि तो जीवच संपला तर तिच्या नोकरीचं काय?

उत्तर : नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लवकर मिटतो. दक्षिण महासागरातल्या क्रिलचं एकूण वजन सुमारे ३८ कोटी टन असावं, असा एक बराच मान्य अंदाज आहे. त्यामुळे क्रिल संपेल का, ही खरी चिंता नाही. ते कुठे कमी झालं, कुठे सरकलं, त्यात पिल्लं किती नि म्हातारी किती, यावर सगळी भांडणं आहेत.

आता ८० टक्के विरुद्ध शून्य. ब्रिटिशांच्या ‘डिस्कव्हरी’ संशोधन मोहिमांची जहाजं १९२६ पासून तिथे जाळी टाकत होती. नंतर अनेक देशांनी आपापल्या जहाजांवरून, आपापल्या मापाची जाळी टाकली. कुणी दिवसा, कुणी रात्री, कुणी डिसेंबरात, कुणी मार्चमध्ये. क्रिल दिवसा खोल जातं, रात्री वर येतं, आणि उजेडात जाळं दिसलं की चक्क पळतं. म्हणजे त्याच जागी दुपारी टाकलेलं जाळं जवळपास रिकामं येईल नि मध्यरात्री तेच भरून येईल. शिवाय क्रिल थव्याने राहतं. थवा सापडला तर लाखो, चुकला तर काहीच नाही. जाळं टाकून ओढण्याच्या अशा हजारो खेपांचे आकडे ‘क्रिलबेस’ नावाच्या एका संग्रहात एकत्र केले आहेत. त्यातला कोणता आकडा घ्यायचा, कोणता वगळायचा आणि उरलेल्यांना कसं समान पातळीवर आणायचं, यावर उत्तर बदलतं.

२००४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने अटलांटिकच्या नैऋत्य भागात १९७०च्या दशकापासून मोठी घट दाखवली. हिवाळी समुद्रबर्फ कमी, की पुढच्या उन्हाळ्यात क्रिल कमी, असा संबंधही दाखवला. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच संग्रहातल्या नोंदी वेगळ्या गणिताने तपासल्या आणि १९७६ ते २०१६ या काळात घनता घटल्याचा पुरावा मिळत नाही म्हणून सांगितलं. पहिल्या गटाने २०१९ मध्ये पुन्हा मांडणी केली : ९० वर्षांत क्रिलची दाटी सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेला, ध्रुवाकडे सरकली आणि क्रिलची सरासरी लांबीही वाढली. लांबी वाढणं ही इथे चांगली बातमी नाही. नवी पिढी कमी भरते आहे, म्हणून सरासरी वर गेली.

माझं मत विचाराल तर दक्षिणेला सरकण्याचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. पण मी समुपदेशक आहे, पंच नाही. आणि तुम्हाला जो भाग खटकला, तोच मला करिअर म्हणून आवडला. जिथे उत्तर ठरून गेलंय तिथे नव्या माणसाची गरज कुणाला असते?

हा वाद नुसता विद्यापीठांतला नाही. क्रिलची मासेमारी होते, त्यातून तेल नि माशांचं खाद्य बनतं. त्यावर ताबा ठेवणारा अंटार्क्टिक सागरी सजीव संवर्धनाचा आयोग टास्मानियातल्या होबार्टला आहे. अटलांटिकच्या बाजूला वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. ती चार उपविभागांत वाटून देण्याचा नियम २०२४ मध्ये सदस्यांचं एकमत न झाल्याने संपला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा गाठल्यामुळे हंगाम वेळेआधी बंद करावा लागला. एकूण साठ्याच्या मानाने हा आकडा किरकोळ. पण सगळी जहाजं एकाच किनाऱ्याशी गोळा झाली, तर तिथल्या पेंग्विन आणि व्हेलच्या तोंडचा घास जातो. म्हणजे ‘किती आहे’पेक्षा ‘या कोपऱ्यात, या महिन्यात किती आहे’ हे सांगणारी माणसं हवी आहेत.

तेव्हा मुलीला माझा निरोप : क्रिल नंतर शिक, मोजणं आधी शिक.

प्राणिशास्त्राच्या मुलांना संख्याशास्त्राचं वावडं असतं, आणि इथेच गाडी अडते. २००० साली चार देशांच्या चार जहाजांनी ध्वनिलहरी सोडून फक्त अटलांटिकच्या बाजूच्या क्रिलचं मोठं सर्वेक्षण केलं. आधी उत्तर आलं ४.४३ कोटी टन. दहा वर्षांनी त्याच ध्वनिनोंदींतून ६.०३ कोटी टन निघालं. मधल्या काळात समुद्रात काही घडल्यामुळे नव्हे, तर क्रिलच्या अंगावरून आवाज किती परततो याचं गणित सुधारलं म्हणून. आडवं पोहणारं क्रिल एक प्रतिध्वनी देतं, तिरकं पोहणारं वेगळा. २०१९ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं तेव्हा आकडा ६.२६ कोटी टन आला. जुनं गणित तसंच राहिलं असतं तर १९ वर्षांत क्रिल भरमसाट वाढलं, अशी बातमी झाली असती! म्हणून एमएस्सीला ती सागरी जीवशास्त्र घेईल ते ठीक, पण जोडीला संख्याशास्त्र, आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेतलं प्रोग्रॅमिंग आणि थोडं ध्वनिशास्त्र हवंच.

जीवशास्त्र फुकट जाणार नाही. क्रिलची अंडी शेकडो मीटर खोल बुडतात, पिल्लं चढत चढत वर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढलेलं शेवाळ खरवडून जगतात. मोठं क्रिल उपास काढू शकतं. कात टाकताना ते चक्क आधीपेक्षा लहान होतं. पिल्लाला ती सवलत नाही, म्हणून बर्फ हटला की मार पिल्लांना बसतो. आकसण्याच्या सवयीमुळे लांबीवरून वयही खात्रीने सांगता येत नाही. आता डोळ्याच्या देठाचा पातळ काप घेऊन त्यातली वलयं मोजतात. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात गणित देऊन उपयोग नाही.

कामाची जागा म्हणाल तर सगळ्यांनाच जहाज मिळत नाही. केंब्रिजची ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे, जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट, नॉर्वेतल्या बर्गेनची सागरी संशोधन संस्था, होबार्टजवळच्या ऑस्ट्रेलियन संस्थेतलं जिवंत क्रिल पाळणारं मत्स्यालय, ही मोठी नावं. बरीच पदं प्रकल्पापुरती असतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करायची तयारी ठेवावी लागते. हे तुमच्यापासून लपवत नाही. मासेमारीच्या जहाजांवर वैज्ञानिक निरीक्षकही असतात. त्यांचं काम म्हणजे पकडीतून मूठभर क्रिल उचलायचं, एकेकाला डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये मापायचं, नर की मादी, अंडी धरली आहेत का, ते लिहायचं. मग पुढचं. डेक हलत असतो, बोटं बधिर झालेली असतात आणि असं महिनोन्‌महिने चालतं. पेंग्विनचे फोटो बघून या क्षेत्रात आलेली मुलं इथे कंटाळतात.

तुमची मुलगी कंटाळेल का, ते तपासायला पैसे लागत नाहीत. ‘क्रिलबेस’ कुणालाही खुला आहे. तिला तो उतरवून घ्यायला सांगा. फक्त रात्रीच्या खेपा ठेवून दशकावार सरासरी काढ, मग दिवसाच्या ठेवून काढ, असं काम द्या. दोन आलेख वेगळे दिसले आणि ते का, हे ती जेवायच्या वेळीही बोलत राहिली, तर अर्ज भरू द्या. आठवडाभर फाइल उघडलीच नाही तर मला पुन्हा लिहा. तिच्यासाठी दुसऱ्या वाटा पाहू. आणि एमएस्सीच्या अर्जात विषय निवडताना संख्याशास्त्राचा ऐच्छिक पेपर आहे का, ते आधी बघा. तो नसेल तर ते महाविद्यालय यादीत खाली ढकला, नाव कितीही मोठं असलं तरी.