काळी दोनचा खालचा सा

गणपती तोंडावर आले की बेस गिटारबद्दल माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी 'कोणता बेस घेऊ?' असं विचारणारी मंडळी 'शनिवारी कार्यक्रम आहे, काय करू?' असं विचारायला लागतात. म्हणून या अंकात खरेदीचे प्रश्न थोडे मागे ठेवलेत आणि उभ्या-उभ्या अडचण झालेल्यांना आधी घेतलंय.

ताई, ठाण्यात एका वाद्यवृंदात बेस वाजवतो. भावगीतं, जुनी चित्रपटगीतं. तबला, ढोलक, दोन कीबोर्ड, बासरी असा संच आहे. साउंडवाला दर वेळी म्हणतो, 'बेस गढूळ येतोय.' आवाज कमी केला की गायिका म्हणते, 'बेस ऐकूच येत नाही.' मोठा अ‍ॅम्प घ्यावा का? – एक वाचक, कळवा

अ‍ॅम्प घेऊ नका. मोठ्या अ‍ॅम्पमधून हाच गढूळपणा मोठ्याने ऐकू येईल.

तुमच्या संचात खालच्या सुरांचे मालक दोन आहेत, तुम्ही आणि डग्गा. बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झवर बोलते, ए तार ५५ वर. डग्ग्याचा घुमारा त्याच शेजारात राहतो. दोघं एकाच वेळी लांब बोलले की ऐकणाऱ्याला ना तुमचा सूर कळतो, ना त्याची मींड. तुम्ही किती जोरात वाजवता हा मुद्दाच नाही. सूर कुठे थांबवता, तो आहे.

मला हे लालबागच्या एका तालमीत कळलं. वाजवायला लागून दोनच वर्षं झाली होती. तबल्यावर एक वयस्कर गृहस्थ होते. आठ मात्रांचा केहरवा चालू होता, मी प्रत्येक सूर ताणून धरत होते. त्यांनी डाव्या हाताने डग्गा चालूच ठेवला आणि उजवा हात तबल्यावरून उचलून सरळ माझ्या तारांवर ठेवला. बेस बंद. डग्ग्याचा 'गे' असा काही घुमला की खोलीतले सगळे वळून बघायला लागले. "तो माझा आहे," एवढंच ते म्हणाले.

घरी जाऊन मी केहरवा लिहून काढला: धा गे ना ति, न क धि न. तुम्हीही लिहा. पहिल्या दोन मात्रांना डग्गा उघडा आहे. तिसरी, चौथी, पाचवी त्याची नाही, सहाव्या मात्रेचा 'क' बंद आहे. सातव्याला तो परत बोलतो. म्हणजे तिसरीपासून सहावीपर्यंतची जागा तुमची. समेवर सूर द्या, पण आखूड. तिसरीला किंवा पाचवीला जो सूर घ्याल तो मनसोक्त धरा आणि 'धि' यायच्या आत सोडा. तबलावाल्याने ठेक्यात भरणा केला, बोल बदलले, तर हा हिशोबही बदलतो. म्हणून कान त्याच्या डाव्या हाताकडे आणि जमलं तर डोळेही. वाद्यवृंदात मी नेहमी तबलजीच्या डाव्या बाजूला उभी राहते ती याचसाठी.

सूर सोडायचा म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही. दाब काढायचा, स्पर्श ठेवायचा. बोट पूर्ण उचललंत तर उघडी तार गुणगुणत राहते आणि अर्धा गढूळपणा तिथूनच येतो. हे हाताला बसेपर्यंत भांडी घासायच्या स्पंजची एक पट्टी कापून ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, तारांखाली सरकवा. जुन्या फेंडर बेसमध्ये ब्रिजवरच्या झाकणाखाली असा फोम कंपनीच घालून द्यायची, त्यामुळे हा जुगाड आहे असं समजू नका.

एवढं झाल्यावर अ‍ॅम्पच्या नॉबकडे वळा. बेसचा नॉब मध्यापेक्षा जरा खाली, मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, जरा वर. गायिकेला हवा असतो तो सुराचा ओळखू येणारा भाग, आणि तो ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास असतो. पोटात धडकणारा भाग तिच्या कामाचा नाही. साउंडवाल्याला तुमच्या चॅनेलवर ३५-४० हर्ट्झखालचं कापायला सांगा. आणि अ‍ॅम्प रंगमंचाच्या फळ्यांवर थेट ठेवू नका. फळ्यांखाली पोकळी असते, ती ढोलासारखी घुमते. खुर्चीवर ठेवलात तरी फरक कळेल.

ताई, मी १९ वर्षांचा आहे. आमच्या ग्रुपच्या गायकाची पट्टी काळी दोन. माझ्या चार तारांच्या बेसवर त्यांचा खालचा सा येतच नाही, अर्ध्या सुराने हुकतो. पाच तारांचा बेस घ्यायला बाबांकडे पैसे मागू का? – एक वाचक, कल्याण

अरे, तू नेमकं पकडलंस. आपल्याकडे कोणी 'डी शार्पमध्ये गाणं आहे' असं म्हणत नाही, 'काळी दोन' म्हणतात, आणि चार तारांचा बेस पांढरी तीनला, म्हणजे ईला, संपतो. एक पायरी कमी पडते. गायिकांबरोबर हा प्रश्न सहसा येत नाही. काळी चार म्हटलं की ई तारेचा चौथा फ्रेट (पडदा), सा हातात आहे. पुरुषांच्या पट्ट्या मात्र बरोबर या कडेवर येऊन बसतात.

पैसे मागायच्या आधी तीन गोष्टी करून बघ.

पहिली, तुझा सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर आहे. ७८ हर्ट्झ. मुखडा, अंतरा, सगळं तिथून वाजव. तू म्हणतोस तो खालचा सा ३९ हर्ट्झचा. सोसायटीच्या कार्यक्रमात स्टँडवर दोन स्पीकर उभे असतात ना, त्यांच्यातून ३९ जेमतेम बाहेर पडतो. माणसाचा कान वरच्या ७८ आणि ११७ वरून खालच्या सुराचा अंदाज बांधतो. म्हणजे ज्या सुरासाठी तू झुरतोयस तो तुझ्या बहुतेक श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.

दुसरी, ई तार एक पूर्ण सूर उतरवून डीला लाव. आता काळी दोन पहिल्या फ्रेटवर आली. त्या तारेवरचं बाकी सगळं दोन फ्रेट पुढे सरकतं, त्याची सवय व्हायला आठवडाभर रोज अर्धा तास दे. तार ढिली वाटली तर १०५ ऐवजी ११० जाडीची लाव. मी स्वतः कित्येक वर्षं असाच बेस घेऊन फिरले. खालचा सा मी फक्त शेवटच्या मुखड्यानंतर, गाणं टेकताना द्यायचे. आधी पूर्ण गाणं वर राहिलेलं असतं, त्यामुळे तो एकच सूर आला की जमीन लागल्यासारखं वाटतं.

तिसरी, गायक काळी एकवर उतरतात का ते विचार. उतरत असतील तर डीला लावलेली तारही पुरत नाही आणि मग पाच तारांचा बेस ही खरी गरज आहे. बाबांना तसं मोकळेपणाने सांग.

घ्यायची वेळ आली तर फोटो बघून घेऊ नकोस. धोबी तलावला किंवा खारला दुकानात जा, शनिवार टाळ, दोन तास हाताशी ठेव. पाचव्या, म्हणजे बी तारेचा चौथा फ्रेट दाब. तोच तुझा काळी दोनचा खालचा सा. जोरात वाजव आणि ऐक: सूर सुरुवातीला चढा लागून मग खाली घसरतो का? ए तारेच्या सहाव्या फ्रेटबरोबर लावून बघ, सप्तक जुळतंय का? स्वस्तातल्या बऱ्याच पाच तारांच्या बेसमध्ये ही तार दोरीसारखी लोंबते. ३४ ऐवजी ३५ इंच लांबीच्या बेसवर ती जास्त ताठ राहते, पण तुझा डावा हात तेवढा पसरतो का, तेही तिथेच उभं राहून बघ. बसून वाजवून पसंत केलेला बेस पट्ट्यावर लटकवला की वेगळाच निघतो.

मंडपात वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. अ‍ॅम्पची घरघरही असते. एक जण म्हणाला, अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाक, घरघर जाईल. काढू का? – एक वाचक, विरार

नाही. कधीही नाही. ज्यांनी काढलीय त्यांनी आजच प्लग बदलावा.

ती जाड पिन अर्थिंगची आहे. तुमच्या बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरच्या अर्थला. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असतील आणि एकीकडे बिघाड असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकवर ठेवून तुम्हीच त्यांच्यामधली वायर होता. पिन काढली की अ‍ॅम्पमधल्या बिघाडाला जायला तुमच्याशिवाय रस्ता उरत नाही.

हे मी अंगावर घेतलंय. पावसात भिजलेला मंडप, कोरसला मी माइकजवळ वाकले आणि डाव्या हाताची बोटं तारांवर आवळली गेली. सोडायची म्हटली तरी सुटेनात. ऑक्टोपॅडवाल्याने बोर्डाचा मेन पाडला म्हणून मी आज हे लिहितेय. दोन दिवस मनगट ठणकत होतं.

तुम्ही काय करायचं: अ‍ॅम्प, कीबोर्ड, मिक्सर सगळ्यांना एकाच बोर्डातून वीज द्यायला सांगा. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे का, ते मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला विचारा आणि त्याचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून दाखवायला लावा. साउंड चेकला माइकच्या जाळीला टेस्टर लावा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, कार्यकर्ते कितीही घाई करोत. दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही धरू नका. झटका आधी बसलाय, तर वायरिंग तपासल्याशिवाय माइकला तोंड लावू नका.

घरघरीचा इलाज वेगळा आहे. बेस मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते आवाजाच्या केबलचा अर्थ तोडतं, विजेचा नाही; ते बिनधास्त दाबा. जॅझ बेस (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल) असेल तर दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारांखालच्या चुंबकांचे, व्हॉल्यूम सारखे ठेवा, दोघांची घरघर एकमेकांना खाऊन टाकते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर तेवढं चालतं, बहुतेक बेस तसेच असतात.

डोंबिवलीहून दादरला बेस घेऊन लोकलने यायचं असतं. पाठीवर घेतला की बायका ओरडतात. – एक वाचक, डोंबिवली

बरोबरच ओरडतात गं. पाठीवरच्या बॅगेतलं बेसचं डोकं कोणाच्या कपाळाला लागेल सांगता येत नाही. पाठीवर नको, पुढे घे, लहान मुलाला कडेवर घेतात तसा, डोकं वर. जाताना शक्यतो दुपारची गाडी बघ. दारात उभी राहू नकोस. आणि ट्यूनर, केबल, बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेव, म्हणजे गर्दीत बॅगेची चेन उघडावी लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, बेस असेल तर केबल काढूनच बॅगेत घाल. जॅकमध्ये पिन राहिली की ९ व्होल्टची बॅटरी दादर येईपर्यंत खर्ची पडत असते.

संयोजक म्हणतात, 'कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवेल, तुम्ही अर्ध्या नाईटमध्ये येत असाल तर या.' काय करावं? – एक वाचक, पनवेल

जाऊ नका. अर्ध्या नाईटमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या अर्ध्या मानधनात, एकदा गेलात की तीच तुमची नाईट होते, आणि ती तुमच्यापुरती राहत नाही, पुढच्या बेसवाल्यालाही तेवढीच सांगितली जाते.

पण नुसतं 'नाही' म्हणून फोन ठेवू नका. त्यांना सांगा, एका तालमीला येतो, चार गाणी माझ्याशिवाय आणि तीच चार माझ्यासह ऐका. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसमध्ये अडकला की गाण्याच्या मधले कॉर्ड पातळ होतात. हे सगळ्यात आधी कीबोर्डवाल्यालाच कळतं आणि बहुतेक वेळा तोच तुमच्या बाजूने बोलतो. माझ्या दोन जुन्या कामांची सुरुवात अशीच झाली.

ठरलं की फोनवरच न थांबता लिहून घ्या: नाईट किती, तालमी किती, परतीची गाडी कोणाची, पाकीट कधी. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, बारापर्यंतची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवशीच असते. पाहुण्यांच्या भाषणांत कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि पंधराऐवजी नऊ गाणी झाली, तरी नाईट पूर्ण, हेही लिहा.

पावसाळ्यात तारा गंजतात आणि बारीक खरखर येते. तारा उकळल्या तर चालतात का? – एक वाचक, गिरगाव

उकळून मळ निघतो, गंज निघत नाही. दोन-चार कार्यक्रम चमक परत येते, मग आहे तसं. तुमच्या घरात समुद्राची हवा थेट येत असेल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेढ्यांच्या गुळगुळीत, तारा लावून बघा. मळ आणि ओल धरायला खाचा कमी, आवाज गोल, आणि जुन्या गाण्यांना शोभतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वाजवत आणि तारा सहसा बदलत नसत. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. भिजलेल्या बॅगेत बेस रात्रभर ठेवू नका.

खरखर मात्र तारांची नसेलही. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फट बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं पाहिजे, साधारण ०.३ मिलिमीटर. तार फ्रेटला टेकली असेल तर नेक, म्हणजे बेसची मान, मागे गेलीय. ट्रस रॉड (मानेतली सळई) घड्याळाच्या उलट पाव फेरा, एवढाच, आणि मग रात्रभर थांबा. फट जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. किल्ली अडली, जोर लावावा लागला, तर तिथेच थांबा आणि बेस कारागिराकडे न्या.