वजन उंचीला साजेसे, तरीही आजार

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची असून लहानपणापासून अंगाने भरलेली होती. गेल्या आठ महिन्यांत ती झपाट्याने उतरली आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपवास तिने धरले आहेत आणि साबुदाण्यालाही ती हात लावत नाही. पोळीवरचे तूप कागदाने टिपून काढते. उठून उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर म्हणाले, ‘वजन उंचीला साजेसे आहे, काळजी नको.’ मी उगाच घाबरते आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमची भीती अनाठायी नाही. अ‍ॅनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा मानसिक आजार) म्हटले की हाडांचा सापळा झालेली मुलगीच नजरेसमोर येते. परंतु अन्नाची आणि जाड होण्याची तीच भीती, तेच उपाशी राहणे आणि वजनातील तशीच मोठी घट असूनही मूळचे वजन जास्त असल्यामुळे आकडा ‘ठीक’ दिसतो, अशाही मुली असतात. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या 2013 सालच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत याला ‘अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया’ म्हटले असून, ठरावीक चौकटीत न बसणाऱ्या आहारविकारांच्या ‘ओस्फेड’ या गटात त्याचा समावेश केला आहे. नावातल्या ‘अटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळा) या शब्दामुळे हा सौम्य प्रकार वाटतो आणि तिथेच घात होतो. नाडी मंदावणे, उभे राहताच रक्तदाब घसरणे, पाळी बंद होणे हे सारे याही मुलींच्या बाबतीत घडते, कारण उपासमार शरीराला सोसावी लागतेच, मग काट्यावरचा आकडा काहीही असो.

मुलीला न तपासता मी निदान करू शकत नाही. मात्र तिला पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि आजच्या वजनाऐवजी आठ महिन्यांत ते किती उतरले, हे आधी सांगा. आडवे असताना व उभे राहिल्यावर नाडी आणि रक्तदाब मोजण्याची, तसेच ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट तपासण्याची विनंती करा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते, म्हणून आग्रहाने ताट भरू नका. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. सोबत मानसोपचारतज्ज्ञही हवेत. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ती बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ असे कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना तिच्या माघारी, स्पष्ट शब्दांत थांबवा.