सूर-ताल काहीच नसलेलं हे स्पेक्ट्रल म्युझिक ऐकायचं तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझेचं 'पार्सिएल' लावलं, पाच मिनिटांत बंद केलं, ना चाल ना ठेका, मग यात ऐकायचं काय.

मी सांगेन चाल शोधूच नका. ओळखीत कुणाकडे तंबोरा असेल तर आधी तो ऐका, ॲपमधला नको, खराखुरा. खर्जाची तार एकटी छेडायची आणि घोडीवरचं सूत केसभर मागेपुढे करायचं. एका जागी आवाज मुका, जरासं सरकवलं की जवारी लागते, आवाज एकदम उघडतो आणि त्यात चक्क गंधार ऐकू येतो. गंधारात तर एकही तार लावलेली नसते! पण एका सुराच्या पोटात असे बरेच सूर असतात, खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो गंधार. मिरजेचे कारागीर घोडी घासत बसतात ते हा झंकार नीट उघडावा म्हणूनच.

स्पेक्ट्रल म्युझिक म्हणजे सुराच्या पोटातल्या याच सुरांतून रचलेलं संगीत. आता 'पार्सिएल' बघा, १९७५ चं, १८ वादकांसाठी. ग्रिझेनं ट्रॉम्बोनच्या एका खालच्या सुराचा सोनोग्राम बघितला, म्हणजे त्या सुराच्या पोटात कोणता स्वर कधी उगवतो, किती जोरात, त्याचं चित्र, आणि तेच स्वर बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन वगैरेंना वाटून दिले. म्हणून सुरुवातीला ट्रॉम्बोन गरजतो, डबल बास तोच सूर पुन्हा पुन्हा ओढतो आणि मग एकेक वाद्य वर उगवत जातं, जवारी उघडते ना अगदी तसं, फक्त खूप सावकाश. दर खेपेला थोडा बदल, हळूहळू सूर खरखरीत होतो, गढूळ होतो, आणि पुढे पुढे तर नुसता गोंगाट उरतो. मला तो गढूळ होण्याचा भागच सगळ्यात आवडतो, कारण सूर संपून आवाज कुठे सुरू झाला ते बोट ठेवून सांगताच येत नाही, कितीही वेळा ऐका.

जड वाटलं तर आधी इटालियन संगीतकार शेल्सीच्या १९५९ च्या 'क्वात्रो पेत्सी' ऐका, चार तुकडे आणि प्रत्येकात एकच सूर. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर प्लीज नको, सुरुवातीचे ते सूर फार खालचे आहेत, छोट्या स्पीकरमधून ते नीट निघतच नाहीत. चांगला हेडफोन लावून पहिली पाच मिनिटं पुन्हा ऐका, आणि कसं वाटलं ते नक्की लिहा.