ठाणे-नवी मुंबईतल्या कोणत्या जागा पालटतील?

पुढच्या विधानसभेला ठाणे-नवी मुंबईतली कोणती जागा दुसऱ्या पक्षाकडे जाईल आणि ते आत्ताच ओळखता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी नेरुळकर, तेव्हा एकच नाव छातीठोकपणे घेतो: बेलापूर.

२०२४ ला इथे भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी आल्या. एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त मतदार निघतील! समोर होते संदीप नाईक. तिकीट मिळालं नाही म्हणून ऐन वेळी भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात गेलेले. आणि वडील गणेश नाईक त्याच निवडणुकीत शेजारच्या ऐरोलीतून भाजपचे उमेदवार. त्यात विजय नाहटा अपक्ष उभे राहिले आणि १९ हजारांवर मतं घेऊन गेले.

पण नुसत्या ३७७ वर जाऊ नका. २०१४ ला भाजप-शिवसेना युती तुटलेली होती. तेव्हा मंदाताईंनी राष्ट्रवादीत असलेल्या गणेश नाईकांना दीड हजारापेक्षा कमी मतांनी पाडलं, आणि शिवसेनेकडून लढलेले नाहटा तिसरे असूनही पन्नास हजारांच्या घरात होते. २०१९ ला युती झाली, तर त्याच मंदाताई ४३ हजारांच्या फरकाने आल्या. म्हणजे मतदार तेच, फरक पडला तो रिंगणात कोण कोण उतरलं याने. म्हणून मी लाट वगैरे बघत नाही. युती टिकते का आणि नाईकांच्या घरात तिकीट कुठल्या पक्षाचं येतं, एवढंच बघतो.

आणखी एक गोम आहे. आमच्याकडे जागा पालटते की माणूस, हे आधी ठरवावं लागतं. ऐरोली २०१४ ला राष्ट्रवादीची होती, २०१९ ला भाजपची झाली. कागदावर पालटली, पण आमदारकी संदीप नाईकांकडून वडील गणेश नाईकांकडे गेली, घरातच राहिली. २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा तर कोपरी-पाचपाखाडी आणि ओवळा-माजिवड्यात मतदाराने बटणाला हातही लावला नव्हता, तरी आमदार ठाकरेंच्या बाजूकडून शिंदेंच्या बाजूला!

ठाण्यात माझी नजर ठाणे शहरावर आहे. २००९ ला ती शिवसेनेच्या राजन विचाऱ्यांची होती, २०१४ पासून भाजपच्या संजय केळकरांची. शिंदेंच्या बालेकिल्ल्यात मधोमध ही भाजपची जागा. गणेश नाईकांनी मंत्री झाल्यावर ठाण्यात जाऊन जनता दरबार भरवला, तेव्हाची कुरबुर आठवा. महायुती फिसकटली तर पहिली मारामारी इथेच होईल. २०२४ ला कोपरी-पाचपाखाडीत शिंदे १ लाख २० हजारांनी, मुंब्रा-कळव्यात जितेंद्र आव्हाड ९६ हजारांनी आलेत. ही माणसं जागेवर असेपर्यंत तिथे काही हलत नाही.

हौस असेल तर निवडणुकीनंतर निघणारा फॉर्म २० बघा. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. गावठाणातली केंद्रं वेगळी काढा, सिडकोच्या सेक्टरांमधली वेगळी, मग मतदारसंघ समजायला लागतो. मात्र तोवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. ऐरोलीसुद्धा २००८ च्या पुनर्रचनेतूनच निघालीय.

आकडा हवाच असेल तर अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की पुन्हा विचारा. कोण उभा राहिला आणि कोणाला बसवलं, हे तेव्हा कळतं.