बालवाडीतील शिक्षिकेची व्यावसायिकता म्हणजे नेमके काय?

तुम्ही विचारले आहे की, पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका घेऊन दोन वर्षे बालवाडीत शिकवत असूनही घरचे लोक 'ही मुलं सांभाळायला जाते' असेच म्हणतात, तर या कामात व्यावसायिकता खरोखर असते का आणि ती कशात दिसते. मी २१ वर्षे बालवाडीत शिकवते आहे. पहिली तीन-चार वर्षे मलाही याचे उत्तर देता आले नसते.

'सांभाळणे' या शब्दाचा कमीपणा मात्र मानू नका. तीन वर्षांच्या मुलाची ओली चड्डी त्याला चारचौघांत लाज वाटणार नाही अशा रीतीने बदलणे, डब्यातली पोळी त्याची त्याला तोडू देणे, हे शिकवण्याआधी उरकायचे काम नाही. या वयात शिक्षण तिथेच होते. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी डहाणू भागातल्या बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुले का येत नाहीत याचा शोध घेऊन त्याप्रमाणे आपली पद्धत बदलणे, याला मी व्यावसायिकता म्हणते.

माया तर आजीही करते, आणि ती आपल्यापेक्षा जास्तच करते. आपल्याकडून अधिकची अपेक्षा आहे ती निरीक्षणाची. माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. गोष्ट सांगताना तो उठून जाई, हाक मारली तरी वळत नसे. मी त्याला हट्टी ठरवले, आणि शाळा सुटताना फाटकापाशी, इतर पालकांच्या देखत, त्याच्या आईला तसे सांगितलेही. त्या माउलीने काही न बोलता मुलाचा हात धरला आणि ती निघून गेली. पुढे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्याच्याविषयी रोज दोन ओळी लिहायला लावल्या, आणि त्यात मत अजिबात लिहायचे नाही, फक्त दिसले तेवढेच लिहायचे, अशी अट घातली. दोन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा लक्षात आले की, मी समोर उभी राहून बोलले त्या प्रत्येक वेळी त्याने ऐकले होते आणि मागून हाक मारली त्या एकाही वेळी ऐकले नव्हते. कानाच्या डॉक्टरांकडे नेल्यावर कळले की, त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले होते. मी त्याच्या आईची एकटीला बसवून क्षमा मागितली. 'हट्टी' हा शब्द तेव्हापासून माझ्या वहीत आलेला नाही.

मुलाविषयी जे सांगायचे ते त्याच्या पालकांनाच, वेळ ठरवून, बसून सांगावे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडणाऱ्या मुलाचा फोटो टाकणे, कितीही प्रेमाने टाकला तरी, मला गैर वाटते.

दुसरी कसोटी म्हणजे आपण जे करतो त्याचे कारण सांगता येणे. छोट्या गटातील मुलाला पाटीवर अक्षरे का गिरवायला लावत नाही, असे पालक विचारतातच. 'आमच्याकडे अशीच पद्धत आहे' हे त्याचे उत्तर नव्हे. त्याच्या बोटांचे स्नायू अजून पेन्सिल पेलण्याइतके तयार नाहीत, म्हणून तो मटार सोलतो, कणीक मळतो, कागद फाडतो, आणि त्यातूनच हात लिहिता होतो, असे समजावून सांगितले की बहुतेक पालकांना ते पटते. ज्यांना पटत नाही, त्यांच्या दडपणाखाली मुलाचा हात धरून गिरवून घेऊ नये.

एक मात्र स्पष्ट सांगते. व्यावसायिकतेची सारी जबाबदारी बाईंवर टाकणे अन्यायाचे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्यातील अंगणवाडी सेविका वजने घेते, आहार देते, गृहभेटी करते, शिकवते, मोबाइलवर माहिती भरते, आणि तरीही तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले तेही २०२२ मध्ये. खासगी बालवाड्यांतील अनेकींची स्थिती याहून बरी नाही. तेव्हा तुम्ही नेमणूकपत्र मागितले, मदतनिसाशिवाय तीस मुले घ्यायला नकार दिला, तर त्यात उद्धटपणा काही नाही, कारण एकटीने तीस मुलांकडे नीट पाहता येत नाही.

उद्यापासून एक साधी दोनशेपानी वही करा. प्रत्येक मुलाला चार पाने द्या, तारीख घाला, आणि त्या दिवशी जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहा. वही कुलपात ठेवा. घरच्यांनी पुन्हा विचारले तर मुलांची नावे न घेता त्यातील एखादी नोंद वाचून दाखवा.