एका गुणाने

मुली,

परवा फोनवर स्पर्धा परीक्षेच्या निकालाबद्दल तू तीनदा तेच म्हणालीस, "सर, एका गुणाने गेलं." तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मागे अभ्यासिकेत कुणीतरी खुर्ची सरकवली, तू आवाज खाली आणलास आणि मग तुला बोलताच येईना. मीही गप्प राहिलो. फोनवर धीर देणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून हे पत्र.

वर्गात मी नेब्रास्काचं काढलं की मागच्या बाकावर "निघाली सरांची गाडी अमेरिकेला" अशी कुजबुज व्हायची, ती मला ऐकू यायची बरं का. आज गाडी पुन्हा निघते आहे. या वेळी मातीचं नाही, फुटबॉलचं सांगतो.

1983 साली मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला, मृदाशास्त्राचं एम.एस. करत होतो. नेब्रास्का म्हणजे मका, मका आणि मका. तिथल्या विद्यापीठाच्या संघाचं नावच कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. आपल्याकडे पंढरीला जावं तसे लोक शनिवारी लाल कपडे घालून मैदानाकडे निघायचे. हा फुटबॉल आपला नव्हे. अंडाकार चेंडू, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, समोरचे अंगावर येऊन पाडतात. चेंडू पलीकडच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात. त्यानंतर एक जादा संधी मिळते: लाथेने दांड्यांमधून मारला तर एक गुण, पुन्हा पट्ट्यात पोचवला तर दोन. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

आणखी एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. त्या काळी कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाला अंतिम सामनाच नव्हता. नववर्षाच्या सुमारास मोठमोठे 'बोल' सामने व्हायचे आणि मग क्रीडा पत्रकार एका यादीत आणि कोच मंडळी दुसऱ्या यादीत मतं देऊन पहिला नंबर ठरवायची. शेवटचा निकाल टेबलाभोवती. तुला हे ओळखीचं वाटेल.

त्या वर्षी नेब्रास्काने बाराच्या बारा सामने जिंकले होते, तेही सामन्यामागे सरासरी 52 गुण करून. मिनेसोटाला तर 84-13 असं लोळवलं होतं. माइक रोझियरला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला होता. उरला होता एकच सामना, 2 जानेवारी 1984 च्या रात्री, मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर, मायामी विद्यापीठाशी. मैदानही त्यांचंच.

आम्ही तिघं विद्यार्थी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्याने राहायचो. त्या रात्री त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. टीव्हीवर विणलेला लाल रुमाल, बशीत मक्याच्या लाह्या, आणि बाईंच्या मांडीवर विणकाम. दुपारीच बातमी आली होती की दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास डॅलसमध्ये जॉर्जियाकडून 10-9 असा हरला. आता नेब्रास्काला कोण अडवणार? बाईंनी कॉफी ठेवताना स्वतःशीच दोनदा मान हलवली.

आणि सामना सुरू झाला तर मायामी 17-0 पुढे! बर्नी कोसार नावाचा कोवळा पोरगा चेंडू असा फेकत होता की नेब्रास्काचे बचावपटू नुसते बघत राहिले. मग नेब्रास्काने एक भन्नाट चाल केली. क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाची चाल सुरू करणाऱ्या खेळाडूने, चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला, सगळे एका बाजूला धावले, आणि डीन स्टाइनकूलर नावाचा धिप्पाड गडी, ज्याचं काम फक्त धडका देण्याचं, तो चेंडू उचलून उलट्या बाजूने पळत सुटला. टचडाउन! बाईंच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा सोफ्याखाली गेला. पण मायामी थांबली नाही. शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा 31-17. रोझियरचा घोटा दुखावला, तो बाहेर. त्याच्या जागी जेफ स्मिथ. त्याने एक टचडाउन केला, 31-24. मग शेवटची दोन मिनिटंही उरली नसताना चेंडू पुन्हा नेब्रास्काकडे. आयर्व्हिंग फ्रायरच्या हातात, अगदी पट्ट्याच्या आत, चेंडू आला आणि निसटला. पुढच्याच चालीला, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, क्वार्टरबॅक टर्नर गिलने बगलेला चेंडू दिला आणि स्मिथ 24 यार्ड पळत पट्ट्यात. 31-30. घड्याळात 48 सेकंद.

आता बघ. लाथेने एक गुण घेतला की 31-31. तेव्हा जादा वेळ नव्हता, तो नियम पुढे 1995-96 मध्ये आला. बरोबरी म्हणजे बरोबरीच. पण बरोबरी झाली तरी न हरलेल्या नेब्रास्कालाच पहिला नंबर मिळणार, असं जवळपास सगळे धरून चालले होते. कोच टॉम ऑस्बॉर्नने दोन गुणांची खूण केली. गिल उजवीकडे सरकला, स्मिथकडे फेक केली, आणि मध्ये मायामीच्या केनी कॅलहूनची बोटं आली. चेंडू स्मिथला लागून खाली पडला.

मी मराठीत काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. बाईंनी टीव्ही बंद केला, कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक धुतला. लाह्यांची बशी तशीच राहिली.

पुढची चाळीस वर्षं ऑस्बॉर्नची ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. बरोबरीवर विजेतेपद नको, जिंकूनच हवं. ती गोष्ट तुझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायला फार छान आहे, आणि म्हणूनच मला तिच्याबद्दल तुला सावध करायचं आहे. तुझ्या हातात कृषी सेवकाच्या निवडीचं पत्र आहे, आणि ते नाकारून पुन्हा पूर्णवेळ पुण्यात बसायचा तुझा विचार आहे, हे मला तुझ्या वडिलांकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. असो.

ऑस्बॉर्नने दोन गुणांचा डाव टाकला तेव्हा त्याची नोकरी पणाला लागलेली नव्हती. तो 1973 पासून तिथे कोच होता आणि पुढेही 1997 पर्यंत राहिला, एकूण पंचवीस हंगाम, आणि त्यातल्या एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्याला पुढचं वर्ष होतं. गिल, रोझियर, फ्रायर यांचं मात्र कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. त्या पोरांनी कोचला कधी दोष दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण हिशेब हिशेबाच्या ठिकाणी. बरोबरी सोडायला मागे धान्य भरलेली कणगी लागते. मी त्या जागी असतो तर एक गुण घेतला असता. चाळीस वर्षांत माझं मत बदललेलं नाही आणि बाईंशी यावरून माझं भांडणही झालेलं आहे. तू रुजू हो. तालुक्याच्या गावी संध्याकाळी सहानंतर दिवा लावून अभ्यास होतो, मी केलेला आहे.

पण मला त्या रात्रीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी सांगत नाही. त्या एकाच दिवशी विजेतेपदाच्या जवळ येऊन तीन संघ परतले, आणि तिघांचं परतणं वेगवेगळं.

टेक्सासचं बघ. अख्खा हंगाम अपराजित. डॅलसमध्ये शेवटच्या चारेक मिनिटांपर्यंत 9-3 पुढे. जॉर्जियाने चेंडू लांब मारून दिला, तो झेलताना टेक्सासच्या गड्याच्या हातून सुटला, जॉर्जियाने उचलला आणि थोड्याच चालींत टचडाउन. लोक त्या हाताबद्दल बोलतात. पण पूर्ण सामन्यात टेक्सासला एकही टचडाउन करता आला नव्हता, त्यांचे नऊच्या नऊ गुण तीन लाथांचे होते. त्याबद्दल कोण बोलतं?

ऑबर्न तिसऱ्या क्रमांकावर होता. त्याच रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने मिशिगनला शेवटच्या मिनिटात 9-7 असं हरवलं. वरचे दोन्ही हरले, आपण जिंकलो, म्हणजे आपणच पहिले, असं समजून मंडळी झोपली असतील. मतदारांनी पाचव्या क्रमांकावरच्या मायामीला उचलून थेट पहिलं केलं, नेब्रास्का दुसरा, ऑबर्न जिथल्या तिथे तिसरा. न्यूयॉर्क टाइम्सच्या संगणकाने ऑबर्नला पहिलं ठरवलं होतं, पण संगणकाला कोण विचारतो. ऑबर्नच्या अलाबामा राज्यात अजून यावर वाद घालणारे भेटतील. सप्टेंबरात टेक्सासकडून झालेला 20-7 हा पराभव त्यांच्या नावावर होता, एवढीच मतदारांची बाजू.

तू मला म्हणालीस की मुलाखतीत तुझ्या मैत्रिणीला जास्त गुण दिले. हे ऑबर्नचं गाठोडं आहे. असेल खरं, नसेल, ते तुझ्या हातात नव्हतं आणि पुढेही नसणार. मतांनी विजेता ठरवायची ती पद्धत बदलायला अमेरिकेत केवढा काळ लागला बघ: क्रमवारीतल्या पहिल्या दोघांचा अंतिम सामना 1998 पासून, चार संघांची स्पर्धा 2014 पासून, बारांची 2024 पासून. आणि मधेच 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकूनही समितीने त्यांना चारांत घेतलं नाही, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी होता. टेबलाभोवती बसलेली माणसं शेवटी माणसंच.

म्हणून ते गाठोडं ठेव बाजूला. तुझं प्रकरण मला नेब्रास्काचं वाटतं, पण दोन गुणांच्या फेकीचं नाही. 17-0 चं. तू सांगितलंस की मुख्य परीक्षेच्या एका पेपरात वेळ संपला आणि शेवटचे काही प्रश्न तू वाचलेसुद्धा नाहीत. ते तू फोनवर एका वाक्यात उडवून लावलंस आणि नंतरची वीस मिनिटं मुलाखतीबद्दल बोललीस. कॅलहूनच्या बोटांची आठवण सगळ्यांना असते, पहिल्या सत्राची नसते. तो एक गुण मुलाखतीच्या दालनात गेलेला नाही. तो किती तरी आधी, त्या न वाचलेल्या पानांवर पडलेला आहे.

नेब्रास्काचं नशीब तर विचारूच नकोस. 1981 चा विजेता क्लेमसन, त्याने ऑरेंज बोलमध्ये हरवलं ते नेब्रास्काला, 22-15. 1982 चा विजेता पेन स्टेट, त्यांनीही नेब्रास्काला 27-24 हरवलेलं, आणि तोच नेब्रास्काचा त्या हंगामातला एकमेव पराभव. 1983 चा मायामी. सलग तीन वर्षं ज्याच्या डोक्यावर मुकुट गेला तो यांना हरवून. मग दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1994 ला, फ्लोरिडा स्टेटशी. सव्वा मिनिट राहिलं असताना 16-15 पुढे, तरी 18-16 असे मागे पडले, आणि शेवटच्या सेकंदाला 45 यार्डांवरून मारलेली किक डावीकडे गेली. मी तेव्हा इकडे परत येऊन नोकरीला लागलो होतो. बाईंनी पत्रातून कात्रण पाठवलं, सोबत एक ओळही नाही.

पुढच्या हंगामाच्या तयारीत खेळाडूंनी व्यायामाच्या वेळी मैदानाच्या गुणफलकावर 1:16 हा आकडा लावून ठेवला होता. तेवढा वेळ शिल्लक होता, जेव्हा ते पुढे होते. हरल्याचा आकडा नव्हे, हातात असलेल्या वेळेचा आकडा. हे मला फार आवडतं.

आणि पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1995 ला, तेच ऑरेंज बोल मैदान, समोर तोच मायामीचा संघ. शेवटच्या सत्राला नेब्रास्का 17-9 मागे. टचडाउन झाला, 17-15. दोन गुणांसाठी पुन्हा फेक. टॉमी फ्रेझरने फेकला, एरिक अल्फर्डने झेलला. 17-17. मग आणखी एक टचडाउन आणि 24-17. ऑस्बॉर्नचा कोच म्हणून तो बाविसावा हंगाम होता आणि पहिलं विजेतेपद. क्वार्टरबॅकांना तयार करणारा सहायक कोच कोण होता माहीत आहे? टर्नर गिल. ज्याच्या फेकीला अकरा वर्षांपूर्वी त्याच मैदानावर बोटं लागली होती, तोच.

या खेपेला बाईंचं पत्र चार पानी आलं. त्यातली अडीच पानं हवामानावर होती.

रविवारी घरी ये. विषयवार गुणांचा कागद आण, आणि त्या पेपरची प्रश्नपत्रिका जपून ठेवली असशील तर तीही. न वाचलेले प्रश्न आपण घड्याळ लावून बसून सोडवू. वहिनीने थालीपिठाची भाजणी काढून ठेवली आहे. रुजू होण्याची तारीख काय दिली आहे तेवढं मात्र आजच कळव, वडिलांनाही सांगायचं आहे.

तुझा,
सर